शालेय ग्रंथालयात आवाजाचे कपाट

शाळेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्याला ग्रंथालय दाखविण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मुख्याध्यापक कपाट उघडतात, दाखल नोंदवही पुढे ठेवतात आणि पुस्तकांची संख्या सांगतात. संख्या बहुधा समाधानकारक असते. परंतु त्याच शाळेत मागच्या बाकावर बसून अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्या कपाटातील किती पुस्तकांचा उपयोग होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या मुलीला दिसत नाही, तिच्यासाठी त्या कपाटात काय आहे, हेही सहसा कोणी विचारीत नाही. आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या ज्या आजीबाईंना शेकडो ओव्या, कहाण्या आणि म्हणी मुखोद्गत आहेत, त्यांच्या या धनाची नोंद त्या दाखल वहीत कोठेही सापडत नाही.

हे तिघेही शालेय ग्रंथालयाच्या उंबऱ्याबाहेर उभे आहेत. त्यांना आत आणण्याचे साधन आज जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रण करता येते, ते साठविता येते आणि लहानशा स्पीकरवरून वर्गाला ऐकविताही येते. तरीही बहुतेक शाळांत या सोयीचा उपयोग स्नेहसंमेलनातील गाणी टिपण्यापलीकडे झालेला नाही. कारण उघड आहे. मुद्रण करणे सोपे असले तरी निवड, नोंद, जतन आणि देवघेव ही ग्रंथालयाची शिस्त त्यास लागू केल्याखेरीज त्याचे साहित्य होत नाही. बोलकी पुस्तके, पॉडकास्ट आणि गावातील मौखिक साहित्य यांना ही शिस्त कशी लावता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

ऐकणे ही वाचनाची पायरी

मुलांना ऐकविले तर ती वाचनाचा कंटाळा करतील, अशी शंका अनेक शिक्षक व्यक्त करतात. ही शंका तपासून पाहण्यासारखी आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 साली वाचनाविषयी एक साधी मांडणी केली. त्यांच्या मते मजकूर समजणे हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते. अक्षरे ओळखून शब्द उलगडण्याची क्षमता ही पहिली, आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता ही दुसरी. गुणाकार असल्यामुळे यांपैकी एक शून्य झाली तर उत्तरही शून्यच येते. अक्षरे वाचता येणाऱ्या मुलाला पुस्तकातील भाषा अपरिचित असेल, तर त्याचे वाचन हे केवळ उच्चारण ठरते. उलट, भाषेची उत्तम समज असलेले मूल अक्षरांपाशी अडले, तर त्याची समज कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडील परिस्थिती या दृष्टीने चिंता करण्यासारखी आहे. 'असर' या संस्थात्मक पाहणीच्या 2022 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ 42.8 टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. पाचवीत पोहोचलेले, परंतु दुसरीचा उतारा न वाचता येणारे मूल वयाने दहा वर्षांचे असते. त्याची जिज्ञासा दहा वर्षांची असते, पुस्तक मात्र त्याला सात वर्षांच्या मुलाचे द्यावे लागते. अशा मुलाला त्याच्या वयाची गोष्ट, त्याच्या वयाचे विज्ञान आणि त्याच्या वयाचा विनोद ऐकावयास मिळाला, तर अक्षरओळख पक्की होईपर्यंतच्या काळात त्याची शब्दसंपत्ती खुंटत नाही. पुस्तक समोर उघडे ठेवून, ओळीवर बोट फिरवीत ऐकण्याची सवय लावली, तर कानावर पडणारा शब्द आणि डोळ्यांपुढील अक्षर यांची सांगडही बसते. अक्षरओळखीचा सराव चालू ठेवून हे करावयाचे आहे. त्या सरावाची जागा श्रवणाने घेऊ नये.

बोलीभाषिक मुलांच्या बाबतीत या श्रवणाचे मोल अधिक आहे. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी वा कोकणा बोलणारे, किंवा गोंडी, भिलीसारखी निराळी भाषा बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा प्रमाण मराठी ही त्याला बऱ्याच अंशी नवी असते. ही भाषा केवळ पाठ्यपुस्तकातून त्याच्या अंगवळणी पडणे कठीण. ती रोज कानी पडावी लागते. त्याचबरोबर त्याच्या स्वतःच्या बोलीतील गोष्ट शाळेच्या स्पीकरवरून ऐकू आली, तर आपल्या घरची भाषा शाळेला परकी नाही, हा विश्वासही त्याला लाभतो.

मराठी मनाला श्रवणाची परंपरा नवी नाही. कीर्तन, प्रवचन, पोथीवाचन यांच्या आधारे निरक्षर समाजानेही येथे शतकानुशतके साहित्याचा आस्वाद घेतला. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे आहेत. सायंकाळी मित्रमंडळींना सांगितलेल्या आठवणी, असेच त्याचे रूप आहे. ऐकण्यासाठीच जणू घडलेले हे पुस्तक आपण मुलांना मुकाट्याने वाचावयास देत आलो आहोत.

तबकडीपासून पॉडकास्टपर्यंत

थॉमस एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला, तेव्हाच पुस्तके आवाजात साठविण्याची कल्पना पुढे आली होती. ती प्रत्यक्षात येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि आली ती दृष्टिहीनांच्या गरजेतून. अमेरिकेत 1934 साली व ब्रिटनमध्ये 1935 साली दृष्टिहीन वाचकांसाठी तबकड्यांवरील 'बोलकी पुस्तके' उपलब्ध होऊ लागली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न या खटाटोपामागे होता. एका कादंबरीस अनेक तबकड्या लागत. फिलिप्स कंपनीने 1963 साली कॅसेट बाजारात आणल्यावर हे ओझे हलके झाले, आणि पुढे संगणकीय ध्वनिफायलींमुळे ते जवळजवळ नाहीसेच झाले.

'पॉडकास्ट' हा शब्द 2004 सालचा. ठरावीक विषयावरील भागांची मालिका इंटरनेटवर ठेवावयाची, आणि नवा भाग आला की तो वर्गणीदाराच्या यंत्रावर आपोआप पोहोचावा, अशी ही व्यवस्था आहे. रेडिओवरील कार्यक्रम ठरलेल्या वेळी ऐकावा लागतो, पॉडकास्ट सवडीने आणि पुनःपुन्हा ऐकता येतो, हा त्यांतील मुख्य फरक. 2005 साली कॅनडात 'लिब्रिव्हॉक्स' हा उपक्रम सुरू झाला. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके जगभरातील स्वयंसेवक आपापल्या घरी बसून वाचतात, त्यांचे मुद्रण करतात आणि सर्वांना विनामूल्य खुले करतात. सामान्य वाचकाचा आवाजही पुस्तकास पुरेसा असतो, हे या उपक्रमाने दाखवून दिले. मराठीत 2017 पासून व्यावसायिक कंपन्यांची श्राव्य पुस्तके मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, आणि मराठी श्रोताही या माध्यमाकडे वळला.

शाळांच्या बाबतीत मात्र विकत घेतलेले ऐकणे पुरेसे नाही. व्यावसायिक पुस्तकांची वर्गणी सामान्यतः व्यक्तीच्या नावे असते आणि ती शाळेने वाटून देण्यासाठी नसते. मुलांच्या वयाला व परिसराला अनुरूप असे साहित्यही त्यांत मोजकेच. म्हणून शाळेने स्वतःचे कपाट स्वतःच्या आवाजाने भरणे, हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो.

पुण्याच्या प्रयोगाचा धडा

केवळ स्पीकर लावून दिला म्हणजे शिक्षण होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. या बाबतीत आपल्याच राज्याच्या भूमीवर झालेला एक प्रयोग मार्गदर्शक आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठविले जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. श्रोतृमंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची त्यात तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील सभासदांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडल्याचे दिसून आले. केवळ रेडिओ असलेल्या गावांत तशी भर दिसली नाही.

शालेय ग्रंथालयासाठी यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आठवड्याच्या ग्रंथालय तासिकेत पंधरा मिनिटे श्रवण आणि पंधरा मिनिटे चर्चा, असे वेळापत्रक ठेवावे. ऐकण्यापूर्वी शिक्षकाने एखादा प्रश्न द्यावा, मध्ये एकदा थांबून 'पुढे काय होईल' असे विचारावे, आणि शेवटी ते पुस्तक प्रत्यक्ष मुलांच्या हाती द्यावे. गोष्ट अर्ध्यावर थांबवून उरलेला भाग पुस्तकात वाचावयास सांगणे, ही युक्ती अनुभवी शिक्षकांना परिचितच आहे.

श्रवणाचा हा मार्ग संकटकाळी किती उपयोगी पडतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 2020 साली कोविडमुळे शाळा बंद असताना पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी गावांत एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिवर्धकावरून ऐकविले. ज्या घरांत मोबाइल नव्हता आणि ज्या पाड्यांवर इंटरनेट पोहोचत नव्हते, तेथील मुलांपर्यंत शाळा आवाजाच्या रूपाने गेली.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा हक्क

दृष्टिहीन विद्यार्थ्याला बोलके पुस्तक मिळणे हा त्याचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. केंद्र शासनाने 2016 साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना सुलभ स्वरूपातील पुस्तके तेथून मिळू शकतात. यातील 'डेझी' या प्रकारच्या पुस्तकात ऐकणाऱ्याला हव्या त्या प्रकरणावर वा पानावर थेट जाता येते. साध्या ध्वनिफायलीत ही सोय नसते, म्हणून अभ्यासाच्या पुस्तकांसाठी हा प्रकार विशेष उपयुक्त ठरतो.

हवे ते पुस्तक तेथे नसेल, तर शाळा स्वतः ते तयार करू शकते, ही गोष्ट पुष्कळ मुख्याध्यापकांना ठाऊक नसते. स्वामित्वहक्क अधिनियमात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत तयार करणे हा हक्कभंग मानला जात नाही. शासनमान्य शैक्षणिक संस्था व ग्रंथालये यांचाही या तरतुदीत समावेश आहे. अट एवढीच, की हे काम नफ्यासाठी नसावे, ती प्रत दिव्यांग व्यक्तींनाच मिळावी आणि ती इतरत्र पसरणार नाही याची काळजी घ्यावी. दृष्टिहीनांना पुस्तके उपलब्ध व्हावीत यासाठी 2013 साली मराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास 2014 साली सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारतच होता. या तरतुदीचा लाभ गावच्या शाळेतील एका मुलीला मिळतो की नाही, हे मात्र तेथील शिक्षकांच्या जागरूकतेवरच अवलंबून राहते.

गावाचा आवाज

शालेय ग्रंथालयाचे तिसरे धन गावातच आहे. जात्यावरच्या ओव्यांचेच उदाहरण घ्यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, आणि त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण जीवनविषयक संग्रहाने त्या इंटरनेटवर खुल्या करण्यास आरंभ केला. माहेर, सासर, राम-सीता, विठोबा, दुष्काळ, भाऊबंदकी, असे स्त्रियांच्या जीवनाचे सारे दर्शन त्यांत घडते. गिरणी आली, जाते थांबले, आणि ओवी म्हणण्याचे निमित्त संपले. आता ती वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातच उरली आहे.

शाळेने हाती घेण्यासारखे विषय याखेरीजही पुष्कळ आहेत. गावाच्या नावाची कथा, 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी, जुन्या बियाण्यांची नावे, पाऊस ओळखण्याचे ठोकताळे, कुंभार-सुतार-विणकरांच्या कामातील शब्द, मुलींचे खेळ आणि भोंडल्याची गाणी, अशी यादी कितीही वाढविता येईल. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातही सामान्य माणसांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण हाच पाया होता. विद्वानांनी नमुन्यादाखल काही गावे निवडली. आपल्या गावाचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

या कामात विलंब परवडत नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी आजोळच्या एका वयोवृद्ध नातलग बाईंच्या तोंडून सुमारे तासभर ओव्या मोबाइलवर मुद्रित केल्या होत्या. सवडीने त्या उतरवून घ्याव्यात, असा विचार होता. दरम्यान मोबाइल बदलला, जुना बिघडला, आणि दुसरी प्रत कोठेच ठेवलेली नव्हती. पुन्हा मुद्रण करावे म्हणून चौकशी केली, तो त्या बाई निवर्तल्याचे कळले. माहितीची नोंद ठेवणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या हातून हे घडले. शालेय ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन एक प्रत ठेवली असती, तर तो तासभराचा आवाज आज त्यांच्या नातवंडांना ऐकता आला असता.

मुद्रणाची साधी रीत

ध्वनिमुद्रणासाठी स्वतंत्र दालन लागत नाही. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या खोलीत तो कमी घुमतो, म्हणून ग्रंथालयाची खोलीच या कामास योग्य असते. दारे-खिडक्यांवर गोधड्या वा सतरंज्या टांगल्या, तर आणखी फरक पडतो. पंखा बंद करावा. पत्र्याचे छप्पर असल्यास पावसाच्या वेळी मुद्रण करू नये. मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवावा, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही.

मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या चवडीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवल्यास प, फ, भ या वर्णांच्या उच्चाराबरोबर निघणारा श्वास थेट आदळतो आणि फटकारा ऐकू येतो. प्रथम एक मिनिटाचे मुद्रण करून ते ऐकून पाहावे. वाचताना चूक झाली, तर मुद्रण थांबवू नये. क्षणभर थांबून एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पुन्हा आरंभापासून वाचावे. संगणकावर आवाजाचा आलेख पाहताना टाळीची जागा उंच रेघेसारखी दिसते आणि चुकीचा भाग चटकन काढून टाकता येतो. 'ऑडॅसिटी' हे 2000 सालापासून विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर या कामास पुरेसे आहे.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, वाचकाचे नाव, शाळा आणि दिनांक यांचा उच्चार करावा. फाइलचे नाव बदलले वा नोंदवही हरवली, तरी ही ओळख आवाजातच टिकून राहते.

वाचणारे कोण असावेत? शिक्षक तर असावेतच, परंतु मुलांना या कामातून वगळू नये. 'श्यामची आई'च्या बेचाळीस रात्री आहेत. सातवीच्या सात मुलांनी प्रत्येकी सहा रात्री वाचावयाचे ठरविले, तर एका वर्षात संपूर्ण पुस्तक शाळेच्या आवाजात तयार होते. मुद्रणासाठी मूल तोच उतारा पाच वेळा वाचते, विरामचिन्हे पाहते, अवघड शब्दाचा अर्थ विचारते. एरवी सांगूनही न होणारा सराव येथे आनंदाने होतो. जे मूल अडखळत वाचते, त्याला गावातील मुलाखत घेण्याचे वा कोडी विचारण्याचे काम द्यावे, म्हणजे त्याचाही आवाज कपाटात जाईल.

भित्तिपत्रक आणि हस्तलिखित ही आपल्या शाळांची जुनी परंपरा. पॉडकास्ट हा त्याच परंपरेतील श्राव्य अंक मानावा. महिन्याला दहा मिनिटांचा एक अंक पुरे. त्यात एका मुलाने केलेली पुस्तकाची शिफारस, गावातील एका व्यक्तीची मुलाखत, एक बोलीतील गोष्ट आणि चार कोडी असावीत. तो इंटरनेटवर गेलाच पाहिजे असे नाही. परिपाठाच्या वेळी वा ग्रामसभेच्या आरंभी ऐकविला, तरी त्याचा हेतू साध्य होतो.

नोंद, जतन आणि देवघेव

श्राव्य साहित्यासाठी स्वतंत्र दाखल नोंदवही ठेवावी. तीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक वा निवेदक, वाचक, मुद्रणाचे ठिकाण व दिनांक, कालावधी, संमतीची नोंद आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत, एवढे रकाने असावेत. फाइलला तोच दाखल क्रमांक द्यावा. मुद्रणाच्या दिवशीच नोंद झाली पाहिजे, असा नियम करावा.

प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात. एक शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी शाळेबाहेर, केंद्रशाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात. पेन ड्राइव्हही नादुरुस्त होतात, म्हणून वार्षिक ग्रंथपडताळणीच्या वेळी या फायली उघडून पाहाव्यात. मूळ प्रत न दाबलेल्या स्वरूपात ठेवावी. एका तासास सुमारे 318 एमबी एवढी जागा लागते. ऐकण्यासाठी द्यावयाची एमपी-3 प्रत 64 केबीपीएसने तयार केल्यास तासाला सुमारे 29 एमबी पुरतात. या हिशेबाने 16 जीबीच्या एका लहानशा मेमरी कार्डात पाचशेहून अधिक तासांचे साहित्य मावते. कार्ड लावता येणारा स्पीकर मुलाने पुस्तकाप्रमाणेच देवघेव नोंदवहीत सही करून घरी न्यावा. त्यास इंटरनेट लागत नाही आणि पडद्याचा मोहही त्यात नाही.

हक्क आणि संमती

या कामात दोन पथ्ये कटाक्षाने पाळावयास हवीत. पहिले लेखकाच्या हक्काचे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुले आहे. अलीकडच्या लेखकाचे पुस्तक मुद्रित करून वाटावयाचे असल्यास लेखक व प्रकाशक यांची लेखी अनुमती घ्यावी. अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. कंपनीने तयार केलेल्या श्राव्य पुस्तकाची प्रत काढून वाटणे तर सर्वथा अयोग्य होय.

दुसरे पथ्य बोलणाऱ्याच्या संमतीचे. मुद्रण कशासाठी, कोण ऐकणार, हे निवेदकाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे, आणि झालेले मुद्रण त्यास प्रथम ऐकवावे. एखादा भाग वगळावा असे त्याने म्हटल्यास तो निमूटपणे वगळावा. मुलांचा आवाज इंटरनेटवर ठेवावयाचा झाल्यास पालकांची लेखी संमती अवश्य घ्यावी. 2023 साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आहे. मुलाचे पूर्ण नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक मुद्रणात येऊ देऊ नयेत.

कोणी काय करावे?

या उपक्रमास मोठा निधी लागत नाही. एक हार्ड डिस्क, दोन-तीन स्पीकर, काही मेमरी कार्डे आणि एक नोंदवही, एवढेच साहित्य. समग्र शिक्षा योजनेत शालेय ग्रंथालयांसाठी 2018 पासून तरतूद करण्यात आली. शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या शाळा विकास आराखड्यात या बाबीचा समावेश करावा. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामपंचायत विकास आराखड्यात ती सुचवावी, आणि गावातील जाणत्या वृद्धांची यादी करून शाळेस द्यावी. ही यादी करण्याचे काम शिक्षकांपेक्षा सदस्यांना अधिक चांगले जमेल.

शिक्षकांनी 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी पहिले मुद्रण करावे आणि 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी तोवर जमलेले साहित्य गावाला ऐकवावे. चार महिन्यांचा हा काळ सुरुवातीस पुरेसा आहे. केंद्रप्रमुख व विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत पुस्तकांच्या संख्येबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. श्राव्य नोंदवहीतील शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? स्पीकर मुलांच्या घरी जातात, की जडसंग्रह नोंदवहीत नोंदवून कुलपात ठेवले जातात? आणि शाळेत दृष्टिहीन विद्यार्थी असल्यास त्याच्या नावे किती पुस्तकांची देवघेव झाली आहे?

पुस्तकांचे कपाट आपल्या पूर्वसूरींनी मोठ्या कष्टाने गावोगाव पोहोचविले. त्याच्या शेजारी आवाजाचे कपाट उभे करणे हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल आहे. पुढल्या वेळी शाळेत ग्रंथालय पाहण्याचा योग येईल, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाला जवळ बोलवावे आणि त्याने अलीकडे कोणती गोष्ट ऐकली, हे त्यालाच विचारावे. त्याने ती सांगावयास आरंभ केला, तर ते ग्रंथालय चालू आहे असे खुशाल समजावे.